कशावरून? चीनवरचं जाहीर व्याख्यान ऐकायला जाताना

व्याख्यान संपतं, सूत्रसंचालक सांगतात, "प्रश्न थोडक्यात विचारा," आणि माईक पहिल्या रांगेतल्या ज्या हातात जातो तो हात सात मिनिटं माईक सोडत नाही. १९६२ पासून सुरुवात होते, मग पंचशील येतं, दिवाळीतल्या चिनी माळा येतात आणि शेवटी, "तर यावर आपलं मत काय?" वक्ता बिचारा नेमकं कशावर मत देणार? तो अर्धा तास आधी बोललेलंच पुन्हा बोलतो. मागच्या रांगेत हात वर करून बसलेल्या मुलीपर्यंत माईक पोहोचतच नाही.

चीनच्या राजकारणावर आणि परराष्ट्र धोरणावर विद्यापीठं, अभ्याससंस्था भरवतात त्या खुल्या कार्यक्रमांना आता आपल्याकडची पुष्कळ माणसं जातात. स्पर्धा परीक्षेवाले जातात, पत्रकार जातात, निवृत्त मंडळी तर हमखास. पण घरी परतताना हाताशी बहुतेकांच्या दोन-चार चटकदार वाक्यं आणि एक सेल्फी एवढंच असतं. यात वक्त्याचा दोष क्वचित असतो. बहुधा तयारी नसते, किंवा क्रम चुकतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. पेइचिंगमध्ये, म्हणजे आपण ज्याला बीजिंग म्हणतो तिथे, खरे निर्णय होतात त्या खोलीत आपला वक्ता नसतो. तो बाहेरून अंदाज बांधतो. काहींचा अंदाज चिनी कागदपत्रं वर्षानुवर्षं वाचून आलेला असतो, काहींचा कालच्या मथळ्यावरून. म्हणून ऐकणाऱ्याचं काम एकच, प्रत्येक दाव्याला मनात विचारायचं: कशावरून?

१. कार्यक्रम निवडणं

शीर्षक बघा. "ड्रॅगनची नवी चाल" किंवा "एकविसावं शतक कोणाचं?" असं काही असेल तर वक्ता कितीही मोठा असो, तासाभरात तो सगळ्याला नुसता हात लावून जाणार. "चीनमधल्या स्थानिक सरकारांचं कर्ज", "नेपाळबाबत चिनी धोरण", "कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीत सैन्याचं प्रतिनिधित्व" अशी अरुंद शीर्षकं रूक्ष वाटतात, पण शिकायला तिथेच मिळतं.

दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजचं बुधवारचं चर्चासत्र, मुंबईचं गेटवे हाऊस, पुणे इंटरनॅशनल सेंटर, बाहेर हार्वर्डचं फेअरबँक सेंटर किंवा लंडनचं सोआस चायना इन्स्टिट्यूट यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवलं तरी वर्षभराची सोय होते. बरेच कार्यक्रम ऑनलाइनही असतात. नोंदणी मात्र आधी करा.

वेळ निवडण्यातही चूक होते. चिनी राजकारणाचं एक पंचांग आहे: मार्चमध्ये राष्ट्रीय जन काँग्रेस (तिथली संसद) आणि सल्लागार परिषद यांची अधिवेशनं, शरदात बहुधा पक्षाच्या केंद्रीय समितीची पूर्ण बैठक, डिसेंबरमध्ये आर्थिक कार्य परिषद, आणि दर पाच वर्षांनी पक्षाचं महाधिवेशन. विसावं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये झालं, एकविसावं २०२७ मध्ये आहे. अशा बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवलेलं व्याख्यान टाळलं तरी चालेल. तोवर वक्त्यानंही मूळ दस्तऐवज पुरता वाचलेला नसतो. दोन-तीन आठवड्यांनंतरचं निवडा.

*तपासणी: वक्त्याची ओळख वाचून एका वाक्यात सांगता येतंय का, की या माणसाला हे कशावरून माहीत असेल? निवृत्त राजदूताला वाटाघाटीच्या टेबलावरचा अनुभव असतो, पण तो त्याच्या काळापुरता. निवृत्त सेनाधिकाऱ्याला भूभाग ठाऊक असतो, पक्षाचं अंतर्गत राजकारण असेलच असं नाही. चिनी भाषा येणारा प्राध्यापक मूळ मजकूर वाचतो, पण सीमेवर कधी गेलेला नसतो. सगळे उपयोगाचे आहेत, ज्याला त्याला त्याच्या घरचं विचारलं तर.*

२. आदल्या आठवड्याची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. रोज अर्धा तास, पाच दिवस पुरे.

नावं. चिनी नावात आडनाव आधी येतं. शी हे आडनाव, चिनफिंग हे नाव. आपली वर्तमानपत्रं सर्रास "जिनपिंग म्हणाले" छापतात. आपल्याकडे नेत्यांना दादा, भाऊ, साहेब म्हणायची सवय, त्यामुळे ते कुणाला खटकतही नाही. पण अभ्यासकांच्या सभेत "मिस्टर जिनपिंग" म्हटलंत की पुढचा प्रश्न कितीही चांगला असला तरी समोरचा तुम्हाला नवखा समजूनच उत्तर देतो. मी हे एका सभागृहात भर गर्दीत केलेलं आहे. वक्त्यानं उत्तरात "शी" या शब्दावर तीनदा हळूच जोर दिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार करतानाही घोळ होतो. चिनी नावांच्या रोमन लिपीतला "क्यू" म्हणजे साधारण छ, "एक्स" म्हणजे श, आणि "झेडएच" म्हणजे च. मधल्या काळात परराष्ट्रमंत्री होऊन गेले ते छिन कांग, "क्विन गँग" नव्हेत. नुसता "झेड" असेल तर तो चमचा या शब्दातला च. हिंदी भाषकांना हा उच्चार समजावताना घाम फुटतो, आपल्याला तो आयताच मिळालाय.

पदं. इथे चुकलं की सगळा प्रश्नच घसरतो. शी यांच्याकडे तीन पदं आहेत: पक्षाचे सरचिटणीस, केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्ष. सत्तेचा उगम पहिल्या दोन पदांत आहे, तिसरं बरंचसं समारंभाचं. मार्च २०१८ मध्ये घटनेतली मुदतीची अट निघाली ती या तिसऱ्या पदावरची. सरचिटणीसपदाला तशी लेखी मर्यादा आधीही नव्हती. "२०१८ मध्ये शी तहहयात सत्ताधीश झाले" हे वाक्य ऐकलंत, तर बोलणारा घाईत आहे असं समजा.

सैन्य देशाचं नाही, पक्षाचं आहे. हुकूम लष्करी आयोगाचा चालतो. संरक्षणमंत्री बाहेरच्या देशांशी भेटीगाठी करतो, सैन्य हलवत नाही. परराष्ट्रमंत्र्याच्याही वर पक्षाचा केंद्रीय परराष्ट्र व्यवहार आयोग आहे. छिन कांग मंत्री असताना पॉलिट ब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरच्या नेतृत्वमंडळात, नव्हते, त्या आयोगाचं कार्यालय सांभाळणारे वांग यी होते, आणि खरं वजन कुणाचं हे त्यावरून कळत होतं. २०२२ मध्ये पॉलिट ब्युरो २४ जणांचा झाला, त्याच्या स्थायी समितीत सात जण. एवढी उतरंड एका कागदावर काढा आणि तो कागद वहीत ठेवा.

शब्द. नियंत्रण रेषा पाकिस्तानबरोबरची, प्रत्यक्ष नियंत्रण रेषा चीनबरोबरची. ही गफलत बातम्या देणाऱ्यांकडूनसुद्धा होते. त्याहून महाग पडणारी गफलत "माघार" या शब्दात आहे. लडाखबद्दल बोलताना अभ्यासक तीन वेगळ्या पायऱ्या मानतात: समोरासमोर भिडलेल्या तुकड्या बाजूला होणं, मग एकूण तणाव कमी करणं, आणि शेवटी पुढे आणलेली जादा कुमक मूळ ठिकाणी परत नेणं. मराठी बातमीत तिन्हीला "माघार". पहिली पायरी झाली म्हणून तिसरीही झाली असं गृहीत धरून प्रश्न विचारलात, तर अर्धं उत्तर तुमचा गैरसमज दूर करण्यातच जाईल.

तैवानवर कार्यक्रम असेल तर "एक चीन तत्त्व" आणि "एक चीन धोरण" वेगळे आहेत, हे आधी पक्कं करा. तत्त्व पेइचिंगचं, म्हणजे तैवान चीनचाच भाग आहे हा दावा. धोरण ज्या त्या देशाचं, म्हणजे त्या दाव्याकडे कसं बघायचं ते. अमेरिका आणि चीन यांच्या १९७९ च्या संयुक्त निवेदनातला इंग्रजी शब्द चिनी भूमिकेची "दखल घेण्याचा" आहे. त्याच निवेदनाच्या चिनी मजकुरातला शब्द "मान्य करण्याकडे" झुकतो. वाद अजून त्याच फटीत अडकलेला आहे. संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा पेइचिंगच्या सरकारला देणारा १९७१ चा २७५८ क्रमांकाचा ठराव तर दोन मिनिटांत वाचून होतो. त्यात तैवान हा शब्दच नाही. स्वतः वाचून जा, कारण सभेत त्याचा हवाला दोन्ही बाजूंनी येणार.

एक मूळ कागद. दहा लेख वाचण्याऐवजी एकाच भेटीची दोन्ही सरकारांनी काढलेली निवेदनं समोरासमोर ठेवून वाचा. सरावासाठी १७ जून २०२० चं उदाहरण घ्या. गलवानच्या चकमकीनंतर दोन दिवसांनी जयशंकर आणि वांग यी फोनवर बोलले. भारतीय निवेदन म्हणतं, चिनी बाजूनं आपल्या हद्दीत बांधकाम उभारण्याचा प्रयत्न केला आणि पुढची कृती पूर्वनियोजित होती. चिनी निवेदन म्हणतं, भारतीय सैनिकांनी रेषा ओलांडून चिथावणी दिली, त्यांची चौकशी करून शिक्षा करा. फोन एकच, माणसं तीच.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: फक्त त्यांनी म्हटलेलं, फक्त आपण म्हटलेलं, दोघांनीही म्हटलेलं. तिसरा रकाना जेमतेम दोन ओळींचा भरतो, तो म्हणजे सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत आधी ठरलेलं पाळायचं आणि परिस्थिती आणखी चिघळू द्यायची नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात जमलं ते एवढंच. मग त्याच वर्षी १० सप्टेंबरला मॉस्कोत निघालेलं पाच कलमी संयुक्त निवेदन घ्या आणि त्यात काय *नाही* ते शोधा. एप्रिल २०२० पूर्वीची स्थिती परत आणण्याचा उल्लेख त्यात सापडणार नाही.

*सावधान: चिनी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याची पत्रकार परिषद चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध होते, पण दोन्ही मजकूर नेहमी तंतोतंत जुळत नाहीत. वक्ता एखाद्या शब्दावर इमला बांधत असेल तर तो शब्द कोणत्या मजकुरातला, हे विचारण्याजोगं आहे.*

३. पोहोचणं

सभागृहात असेल तर वीस मिनिटं आधी जा आणि कडेची खुर्ची धरा. माईक कडेला लवकर येतो.

ऑनलाइन असेल तर वेळेचं गणित दोनदा करा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे बारा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत हमखास चुकामूक होते. चीन घड्याळ बदलत नाही, तो वर्षभर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

*तपासणी: कार्यक्रम कोणत्या नियमाखाली आहे? बहुतेक जाहीर व्याख्यानं उघड असतात, वक्त्याच्या नावानं उद्धृत करता येतात. पण "चॅटहॅम हाऊस नियम लागू" असं सांगितलं, तर ऐकलेली माहिती वापरता येते, मात्र ती कुणी सांगितली, तो कुठल्या संस्थेचा आणि खोलीत आणखी कोण होतं हे उघड करता येत नाही. लोक याचा अर्थ "काहीच लिहायचं नाही" असा लावतात, किंवा काहीच अर्थ न लावता गटावर फोटो टाकतात. दोन्ही चूक.*

४. ऐकणं आणि टिपणं

सगळं उतरवून घेऊ नका, रेकॉर्डिंग बहुधा मिळतं. टिपायचे ते दावे, आणि प्रत्येक दाव्यापुढे एक अक्षर. "क" म्हणजे कागद: वक्त्यानं दस्तऐवज, भाषण किंवा आकड्याचा उगम सांगितला. "अ" म्हणजे अनुमान: तर्क पटतो, पण तो वक्त्याचा स्वतःचा. "ह" म्हणजे हवा: उगमही नाही, तर्कही नाही.

छिन कांग यांचंच प्रकरण घ्या. २५ जून २०२३ नंतर ते जाहीरपणे दिसले नाहीत, २५ जुलैला त्यांचं मंत्रिपद गेलं आणि कारण दिलं गेलं नाही. इथवर "क". "अशा घटनांमुळे परराष्ट्र खात्यातले अधिकारी आणखी जपून बोलायला लागले असावेत" हे "अ". त्यांना का काढलं हे एखादा छातीठोकपणे सांगायला लागला की "ह", मग तो कितीही रंगवून सांगो. सभागृहात सगळ्यात जास्त माना इथेच डोलतात.

आकड्यांचंही तसंच. गलवानमध्ये आपले २० जवान गेले हे भारतानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. चीननं आपले चार मेल्याचं जाहीर केलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, आठ महिन्यांनी. चीनचा आकडा अपुरा आहे असं मानायला जागा आहे. पण म्हणून व्हॉट्सॲपवरचा दुसरा आकडा खरा ठरत नाही. वक्त्यानं तिसराच आकडा सांगितला तर "ह" लिहून ठेवा आणि प्रश्नाच्या वेळी उगम विचारा.

पहिली पंधरा मिनिटं बहुतेक वक्ते पार्श्वभूमीत घालवतात. तेवढ्यात पेन खाली ठेवलं तरी चालतं. "मात्र" किंवा "इथे माझं मत थोडं वेगळं आहे" असं ऐकलं की उचला.

५. प्रश्न विचारणं

प्रश्न बोलायच्या आधी लिहा. चाळीस शब्दांच्या आत. त्यात एक वस्तुस्थिती आणि एक प्रश्न, एवढंच.

कच्चा प्रश्न: "चीनवर विश्वास ठेवता येईल का?" यावर वक्ता हसून म्हणेल, "विश्वास ठेवा पण पडताळून पाहा," टाळ्या पडतील आणि तुम्ही खाली बसाल.

पक्का प्रश्न: "ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत झालेल्या समझोत्याचा पूर्ण मजकूर दोन्ही देशांनी प्रसिद्ध केलेला नाही. तर लडाखच्या डेपसांगमधली गस्त पूर्वीसारखी सुरू झाली असं आपण म्हणालात, ते कशावरून?" हा प्रश्न उद्धट नाही. वक्त्याकडे उत्तर असेल तर त्याला आनंदच होतो, आणि नसेल तर त्याचं पुढचं वाक्य आपोआप सांभाळून येतं.

नेहमीच्या चुका अशा. दोन-तीन प्रश्न एकत्र विचारणं, ज्यातल्या सोप्याचंच उत्तर मिळतं. वक्त्याच्या विषयाबाहेरचं विचारणं: कर्जावर बोलायला आलेल्या अर्थतज्ज्ञाला दलाई लामांच्या उत्तराधिकाऱ्याबद्दल. भविष्य विचारणं: "चीन तैवानवर कधी हल्ला करेल?" त्याऐवजी "येत्या वर्षभरात कोणती गोष्ट दिसली तर तुम्ही तुमचा अंदाज बदलाल?" असं विचारा. माझ्या अनुभवात याचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्या व्याख्यानापेक्षा मोलाचं निघतं. आणि शेवटची चूक, स्वतःची ओळख. नाव आणि "विद्यार्थी" किंवा "वाचक" एवढं पुरे. मी अमुक साली चीनला गेलो होतो, हे चहाच्या वेळेला ठेवा.

*सावधान: वक्ता चीनमधल्या विद्यापीठातला असेल, किंवा श्रोत्यांत चिनी विद्यार्थी असतील, तर त्यांना "तुमचं शींबद्दल खरं मत काय?" असं सर्वांदेखत विचारू नका. त्यांना इथून परत जायचं असतं. उत्तर साचेबद्ध मिळेल आणि त्रास मात्र खरा होऊ शकतो. श्रोत्यांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नका, ते याच कारणासाठी. अशा वक्त्याला त्याच्या लेखनातल्या मुद्द्यावर विचारा: "पेइचिंगमधल्या अभ्यासकांत यावर कोणकोणती मतं आहेत?" या प्रश्नाआडून त्याला हवं तेवढं बोलता येतं.*

६. चहा

वक्त्याभोवती गराडा असतो. दोन मिनिटं मिळाली तर एकच विचारा: "यावर एकच मूळ कागद वाचायचा तर कोणता?" उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या, स्पेलिंगसकट. सेल्फी नंतर.

७. पुढचे दोन दिवस

त्याच रात्री "क", "अ", "ह" मोजा. सगळे "ह" निघाले तर त्या वक्त्याचं पुढचं आमंत्रण सोडून द्यायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी "क" पैकी तीन दावे निवडा आणि मूळ ठिकाणी जाऊन तपासा: तारीख, आकडा, शब्द. मी हे करायला लागलो तेव्हा पहिला धक्का वक्त्यांचा नव्हता, माझ्याच टिपणांचा होता. समिती आणि आयोग यांची मी सतत अदलाबदल करत होतो.

गटावर किंवा वर्तमानपत्रात त्यावर लिहिणार असाल, तर दाव्याची जात वाक्यात उतरली पाहिजे. "चीननं जाहीर केलं", "भारतीय निवेदनानुसार", "वक्त्यांच्या अंदाजानुसार" हे तीन शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी वापरू नका. "सूत्रांनुसार" तर वापरूच नका. तुम्ही व्याख्यानाला गेला होतात, सूत्रं तुमच्याकडे नाहीत.

वक्त्याला ईमेल करायचा तर पाच ओळींचा: कुठे ऐकलं, कोणता दावा, तपासताना काय सापडलं, एक प्रश्न, आभार. सोबत स्वतःचा अप्रकाशित ग्रंथ जोडू नका. छोट्या पत्राला उत्तर यायची शक्यता बरीच जास्त असते.

टिपणाच्या पानावर तारीख घाला आणि वक्त्यानं केलेली भाकितं वेगळ्या चौकटीत उतरवा. वर्षभरानं तोच वक्ता पुन्हा गावात येतो. तेव्हा वहीचं ते पान काढून बरोबर न्या आणि प्रश्नाची सुरुवात तिथूनच करा: "गेल्या वर्षी आपण असं म्हणाला होतात."